पाण्यात हायड्रोजन दोनच का?

रसायनशास्त्राशी माझी पहिली ओळख झाली ती संयुजेच्या तक्त्यातून. नववीच्या वर्गात फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तो तक्ता वर्षभर न पुसता ठेवलेला होता. हायड्रोजन एक, सोडियम एक, ऑक्सिजन दोन, कॅल्शियम दोन, ॲल्युमिनियम तीन. तास सुरू झाला की आम्ही तो पाढ्यांच्या चालीवर म्हणत असू. मग सूत्रे लिहायची. दोन मूलद्रव्यांच्या संज्ञा शेजारी मांडायच्या, खाली त्यांच्या संयुजा लिहायच्या आणि त्यांची तिरकी अदलाबदल करायची, की सूत्र तयार! ही युक्ती फारशी कुठे अडत नाही. मला त्यात पैकीच्या पैकी गुण मिळत.

एक दिवस मी सरांना विचारले, "सर, पाण्यात हायड्रोजनचे अणू दोनच का?"

"अगं, ऑक्सिजनची संयुजा दोन आणि हायड्रोजनची एक. अदलाबदल कर, येते ना एचटूओ?"

"पण ऑक्सिजनची संयुजा दोन, हे कशावरून?"

"पाण्यात ऑक्सिजनच्या एका अणूला हायड्रोजनचे दोन अणू जोडलेले असतात, त्यावरून."

वर्गात कोणालाच यात काही वावगे वाटले नाही. मलाही उत्तर मिळाल्यासारखे वाटले. घरी जाताना वाटेत लक्षात आले, की आपण जिथून निघालो तिथेच परत आलो आहोत. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे धाडस झाले नाही. रसायनशास्त्र ही पाठ करण्याची गोष्ट आहे, असे मी मनाशी ठरवून टाकले, आणि ते मत जायला पुढे बरीच वर्षे लागली. सरांना दोष देण्यात अर्थ नाही. आमच्या हातातल्या पुस्तकातही याहून अधिक काही नव्हते.

आपल्यापैकी काही जण म्हणतील, की पुढच्या वर्गात या प्रश्नाचे उत्तर मिळतेच. ऑक्सिजनच्या बाहेरच्या कक्षेत सहा इलेक्ट्रॉन असतात, आठ पूर्ण व्हायला दोन कमी पडतात, म्हणून संयुजा दोन. उत्तर बरोबर आहे. पण इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये, आणि पाण्याचे सूत्र त्याआधी जवळजवळ चाळीस वर्षे पक्के झाले होते. म्हणजे ते सूत्र इलेक्ट्रॉनवरून ठरलेले नाही. मग ते ठरले कसे? ही हकिकत मी पुष्कळ उशिरा वाचली, आणि माझा शाळेतला प्रश्न युरोपातल्या नामांकित रसायनशास्त्रज्ञांनाही पन्नास वर्षे सुटला नव्हता, हे वाचून मला थोडे बरे वाटले.

सुरुवात एका शिक्षकापासूनच करावी लागते. जॉन डाल्टन हा इंग्लंडमधल्या एका खेड्यातला विणकराचा मुलगा. वयाच्या बाराव्या वर्षीच तो शाळा चालवू लागला होता. पुढे मँचेस्टरला गणित आणि पदार्थविज्ञानाच्या शिकवण्या करून त्याने आपला चरितार्थ चालवला. प्रत्येक मूलद्रव्याचा अणू वेगळ्या वजनाचा असतो ही त्याची कल्पना, आणि ही वजने एकमेकांच्या तुलनेत काढता येतील हा त्याचा खरा धाडसी विचार. १८०३ मध्ये त्याने अणुभारांचा पहिला तक्ता केला आणि १८०८ मध्ये आपल्या ग्रंथात तो सुधारून मांडला.

अडचण कोठे आली ते पाहू. पाण्याचे पृथक्करण केले तर हायड्रोजनच्या एका भागाला ऑक्सिजनचे आठ भाग, असे वजनाचे प्रमाण येते. (डाल्टनच्या काळी हा आकडा इतका नेमका नव्हता, १८०८ मध्ये तो सात धरत असे.) यावरून ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या अणूच्या किती पट जड आहे? आठ पट, असे विद्यार्थी पटकन सांगतील. पण त्यात एकास एक अणू जोडले गेले आहेत हे आपण गृहीत धरले. ऑक्सिजनच्या एका अणूला हायड्रोजनचे दोन अणू असतील, तर तो सोळा पट जड ठरेल. उलट हायड्रोजनच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन असतील, तर चारच पट. वजनाच्या मोजमापातून सूत्र मिळत नाही, कारण त्यासाठी अणुभार माहीत हवा. आणि अणुभार मिळत नाही, कारण त्यासाठी सूत्र माहीत हवे. माझ्या शाळेतल्या संवादातले तेच चक्र!

डाल्टनने ते एका नियमाने तोडले. दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल, तर त्यात एकास एक अणू आहेत असे धरायचे, उलट पुरावा मिळेपर्यंत. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे तेव्हा पाणी हे एकच संयुग माहीत होते. हायड्रोजन पेरॉक्साइड तेनारने शोधले ते १८१८ मध्ये. म्हणून डाल्टनच्या लेखी पाणी म्हणजे एचओ आणि अमोनिया म्हणजे एनएच. नियम साधा होता आणि त्याला आधार काहीही नव्हता. पण कोठून तरी सुरुवात करायची, तर याहून प्रामाणिक मार्ग मला तरी सुचत नाही.

आता शाळेतला एक प्रयोग आठवा. पाण्यात आम्लाचे चार थेंब टाकून वीज सोडायची आणि दोन उपड्या नळ्यांत वायू गोळा करायचे. एका नळीत हायड्रोजन, दुसरीत ऑक्सिजन, आणि हायड्रोजन बरोबर दुप्पट. "पाहिलेत? म्हणून एचटूओ," असे आपण सांगतो. मुलेही माना डोलावतात. हा प्रयोग निकोल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० मध्येच केला होता. व्होल्टाच्या विद्युतघटाची बातमी लंडनला पोहोचल्यानंतर काही आठवड्यांतच! आणि वायू पेटवून पाणी बनवताना हायड्रोजन दुप्पट लागतो, हे त्याही आधी कॅव्हेंडिशने मोजले होते. म्हणजे डाल्टनला एचओ लिहिताना दोनास एक हे प्रमाण माहीत होते. तरीही त्याने एचओ लिहिले.

का? कारण दुप्पट आकारमान म्हणजे दुप्पट अणू, हे त्याला मान्य नव्हते. आणि खरोखर ते मान्य का करावे? एका पोत्यात तांदूळ आणि दोन पोत्यांत बटाटे असतील, तर बटाटे तांदळाच्या दुप्पट आहेत असे आपण म्हणत नाही. वेगवेगळ्या वायूंच्या सारख्या आकारमानात कण सारखेच असतात, हे विधान त्या नळ्यांत कोठेही दिसत नाही. ते आपण मनातून घालतो. वर्गात हा प्रयोग दाखवताना ही पायरी गाळली जाते, हे लक्षात आल्यावर मला धक्काच बसला. मी स्वतःही किती तरी वेळा तो असाच समजावून सांगितला होता.

३१ डिसेंबर १८०८ रोजी गे-ल्युसॅकने पॅरिसमध्ये एक निबंध वाचला. वायूंचा संयोग होताना त्यांची आकारमाने नेहमी साध्या पूर्णांकांत असतात, आणि तयार होणारे संयुग वायुरूप असेल तर त्याचेही आकारमान त्याच हिशेबात बसते. दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन मिळून दोन लिटर वाफ होते. एक लिटर हायड्रोजन आणि एक लिटर क्लोरिन मिळून हायड्रोजन क्लोराइड होतो दोन लिटर. डाल्टनच्या अणूंना हा मोठाच आधार, असे आज आपल्याला वाटते. डाल्टनला मात्र त्यात संकट दिसले, आणि त्याचे म्हणणे तपासून पाहण्यासारखे आहे.

समजा, प्रत्येक वायूच्या एका लिटरमध्ये हजार कण आहेत. ऑक्सिजनच्या हजार कणांपासून वाफेचे दोन हजार कण तयार झाले. प्रत्येकात थोडा ऑक्सिजन हवाच. म्हणजे ऑक्सिजनच्या प्रत्येक कणाचे दोन तुकडे झाले! अणू फुटत नाही, या पायावर तर डाल्टनची सगळी इमारत उभी. शिवाय वाफ ऑक्सिजनपेक्षा हलकी असते. ऑक्सिजनच्या कणात हायड्रोजनची भर पडून तो हलका कसा होईल? यापेक्षा सारख्या आकारमानात सारखे कण नसतात, असे म्हणणे अधिक सोपे. डाल्टनने गे-ल्युसॅकच्या मोजमापांवरच शंका घेतली, आणि ती त्याने पुढेही सोडली नाही.

यातून सुटण्याची वाट १८११ मध्ये ॲमेडिओ ॲव्होगॅड्रोने सांगितली. हा इटलीतल्या व्हेर्चेली गावच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होता. शिक्षणाने मूळचा वकील. तो म्हणाला, कण सारखेच असतात आणि ऑक्सिजनचा कण फुटतोही. पण फुटतो तो अणू नव्हे. ऑक्सिजन वायूचा कण मुळात एकाहून अधिक अणूंचा बनलेला आहे. थोडक्यात, रेणू फुटतो, अणू फुटत नाही. एवढे मानले की पाण्याचा हिशेब लागतो: दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन.

(येथे भाषेची एक गंमत सांगावीशी वाटते. मराठीत फुटणारा तो रेणू आणि न फुटणारा तो अणू. हिंदीत फुटणाऱ्याला अणु म्हणतात आणि न फुटणाऱ्याला परमाणु. हिंदी पुस्तके वापरणाऱ्या मराठी शिक्षकांनी हे विद्यार्थ्यांना आधीच सांगितलेले बरे. ॲव्होगॅड्रोच्या काळी तर हे दोन शब्दच नीट वेगळे झालेले नव्हते. तो सगळ्यांनाच रेणू म्हणे आणि मागे निरनिराळी विशेषणे लावी.)

ॲव्होगॅड्रोकडे जगाने दुर्लक्ष केले, तो काळाच्या पुढे होता, असे पुस्तकांत लिहिलेले असते. मला ही मांडणी थोडी अन्यायाची वाटते. त्याला विरोध करणाऱ्यांजवळ सबळ कारणे होती. स्वीडनचा बर्झेलियस हा त्या काळचा सर्वांत मोठा रसायनशास्त्रज्ञ. विरुद्ध विद्युतभारांच्या आकर्षणाने अणू जोडले जातात, असे तो मानत असे. मग ऑक्सिजनचे दोन सारखे अणू एकमेकांना धरून कसे राहतील? आणि राहिलेच, तर तिसरा, चौथा का चिकटत नाही? गंमत अशी, की खुद्द बर्झेलियस पाण्यात हायड्रोजनचे दोन अणू धरत असे. केवळ सारख्या अणूंची जोडी त्याला नको होती. पुढे पॅरिसमध्ये ड्यूमाने १८२६ पासून अनेक पदार्थांच्या बाष्पांची घनता मोजली. पारा अपेक्षेच्या निम्मा भरला, फॉस्फरस दुप्पट आणि गंधक तिप्पट. हे कोणत्याच हिशेबात बसेना. वैतागून ड्यूमा १८३६ मधल्या आपल्या व्याख्यानांत म्हणाला, की माझ्या हाती असते तर अणू हा शब्दच मी शास्त्रातून पुसून टाकला असता.

नंतरची वीस वर्षे गोंधळाची. बरेच जण अणूंचा नाद सोडून 'सममूल्य भार' वापरू लागले, म्हणजे हायड्रोजनच्या एका भागाला इतर मूलद्रव्यांचे किती भाग लागतात तेवढेच बघायचे. त्यांच्या लेखी ऑक्सिजन आठ, कार्बन सहा आणि पाणी पुन्हा एचओ. दुसरे काही जण ऑक्सिजन सोळा आणि कार्बन बारा धरत. १८६१ साली केकुलेने आपल्या पाठ्यपुस्तकात ॲसेटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, त्या काळी वापरात असलेली एकोणीस निरनिराळी सूत्रे छापली. एकोणीस! त्या वर्षीच्या परीक्षार्थींचे काय झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

या गोंधळात सर्वांत जास्त अडचण होती ती शिकवणाऱ्याची. संशोधक आपापल्या पद्धतीने लिहून मोकळा होतो. शिक्षकाला पहिल्याच तासाला फळ्यावर काहीतरी एक लिहावे लागते. स्तानिस्लाओ कॅनिझारो हा असाच एक शिक्षक. जन्म १८२६ चा, सिसिलीतल्या पालेर्मोचा. १८४८ च्या सिसिलीतल्या उठावात त्याने भाग घेतला. उठाव चिरडला गेल्यावर त्याला मृत्युदंड फर्मावला गेला आणि तो फ्रान्सला पळून गेला. पुढे उत्तर इटलीत परतून तो १८५५ मध्ये जेनोआ विद्यापीठात प्राध्यापक झाला. तेथे प्रयोगशाळाही धड नव्हती. आपण विद्यार्थ्यांना अणुभार कसे शिकवतो, हे त्याने मार्च १८५८ मध्ये पिसाच्या एका प्राध्यापकाला लांबलचक पत्राने कळवले. तेच पत्र त्या वर्षी एका इटालियन नियतकालिकात छापून आले. त्यात नवा प्रयोग एकही नाही. कोणत्या तासाला काय सांगायचे आणि त्यानंतर काय, एवढेच आहे. विद्यार्थ्यांना माझ्या मतापर्यंत न्यायचे, तर ज्या वाटेने मी गेलो त्याच वाटेने, म्हणजे इतिहासाच्या वाटेने न्यावे लागते, असे तो सुरुवातीलाच सांगतो.

त्याची पद्धत नववीच्या वर्गाला पेलेल अशी आहे. ॲव्होगॅड्रोचे म्हणणे तात्पुरते खरे मानायचे. मग सारख्या आकारमानाच्या वायूंची वजने म्हणजे त्यांच्या रेणूंच्याच वजनांची तुलना. हायड्रोजनच्या रेणूचे वजन दोन धरायचे. एक का नाही? कारण एक लिटर हायड्रोजनपासून हायड्रोजन क्लोराइड दोन लिटर होतो. म्हणजे हायड्रोजनचा रेणू निदान दोन तुकड्यांचा असलाच पाहिजे, आणि तो तुकडा एक धरला की रेणू दोन. आता वाफ हायड्रोजनच्या नऊ पट जड, म्हणून तिचा रेणुभार अठरा. वजनाने तिच्यात आठ नवमांश ऑक्सिजन असतो, म्हणजे अठरात सोळा. कार्बन मोनॉक्साइड हायड्रोजनच्या चौदा पट जड, रेणुभार अठ्ठावीस, त्यात चार सप्तमांश ऑक्सिजन, पुन्हा सोळा. कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार चव्वेचाळीस, त्यात ऑक्सिजन बत्तीस. सल्फर डायऑक्साइड चौसष्ट, ऑक्सिजन बत्तीस. सल्फर ट्रायऑक्साइड ऐंशी, ऑक्सिजन अठ्ठेचाळीस. खुद्द ऑक्सिजन वायू बत्तीस. सोळा, बत्तीस, अठ्ठेचाळीस. मधे काहीच नाही: चोवीस नाही, आठ नाही. सोळाच्या पटीतच ऑक्सिजन येतो, तर सोळा हाच त्याचा अणू. हायड्रोजनसाठी हेच करा. हायड्रोजन क्लोराइडच्या रेणूत एक, पाण्यात दोन, अमोनियात तीन, मिथेनमध्ये चार. एकदा हे झाले, की पाण्याच्या अठरा भागांत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. संयुजेचे नावही घ्यावे लागले नाही. उलट ऑक्सिजनची संयुजा दोन, हे आता पाण्यावरून म्हणता येते. चक्र तुटले!

ड्यूमाला अडवणाऱ्या पाऱ्याचे, फॉस्फरसचे आणि गंधकाचे काय? कॅनिझारोचे उत्तर सरळ होते. मूलद्रव्यांच्या रेणूत नेहमी दोनच अणू असतात असे कोणी सांगितले? पाऱ्याच्या बाष्पात एकेकटे अणू असतात, फॉस्फरसच्या बाष्पात चार-चार आणि ड्यूमाच्या तापमानाला गंधकाच्या बाष्पात सहा-सहा. संख्या आधीच ठरवून टाकायची नाही, तर मोजायची.

३ ते ५ सप्टेंबर १८६० या दिवसांत जर्मनीतल्या कार्ल्सरूह येथे युरोपातले सुमारे १४० रसायनशास्त्रज्ञ जमले. अणू कशाला म्हणायचे, रेणू कशाला, हे एकदाचे ठरवावे असा हेतू होता. कॅनिझारो तेथे जोरदार बोलला. तरीही परिषद कोणताही ठाम निर्णय न घेता संपली. निरोपाच्या वेळी पाव्हेसी नावाच्या त्याच्या मित्राने त्या पत्राच्या छापील प्रती वाटल्या. एक प्रत लोथार मायरने खिशात घातली आणि परतीच्या प्रवासात वाचली. डोळ्यांवरचा पडदा दूर झाल्यासारखे वाटले, अशी आठवण त्याने पुढे लिहून ठेवली. श्रोत्यांत सव्वीस वर्षांचा मेंडेलीव्हही होता. नऊ वर्षांनी, १८६९ मध्ये, सेंट पीटर्सबर्गच्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिताना मूलद्रव्ये कोणत्या क्रमाने मांडावीत, या विवंचनेतून त्याने आवर्तसारणी केली. ऑक्सिजन आठ आणि कार्बन सहा धरणाऱ्या जुन्या अणुभारांवर ती उभी राहूच शकली नसती.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत नववीच्या मुलांपुढे मी हे आकडे ठेवले. कोणता वायू हायड्रोजनच्या किती पट जड आणि त्यात ऑक्सिजन किती, एवढेच फळ्यावर लिहिले आणि ऑक्सिजनचा अणुभार काढा म्हणून सांगितले. सोळापर्यंत पोहोचायला त्यांना वीस मिनिटे लागली. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "बाई, उद्या कोणी असा वायू शोधला, की ज्याच्या रेणूत ऑक्सिजन आठच भरला, तर?"

तर ऑक्सिजनचा अणुभार आठ मानावा लागला असता आणि पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनचे दोन अणू लिहावे लागले असते, असे मी सांगितले. कॅनिझारोच्या पद्धतीने अणुभार जास्तीत जास्त किती असेल तेवढेच कळते. तो त्याहून कमी नाहीच, याची खात्री मिळत नाही. ती पुढे इतर मार्गांनी मिळाली: मोस्लीने १९१३ मध्ये क्ष-किरणांवरून मूलद्रव्यांचे क्रमांक ठरवले आणि १९१९ मध्ये ॲस्टनने आपल्या वर्णपटलेखकाने अणूंची वजने स्वतंत्रपणे मोजली. हे सांगून होईपर्यंत तास संपल्याची घंटा झाली. शिक्षकांना हा पाठ घ्यायचा असेल, तर आकड्यांसाठी एक तास पुरतो. त्या मुलीच्या प्रश्नासाठी दुसरा राखून ठेवावा.